खाटेवरून काय दिसतं

"मॅडम, तुमचं इथे 'नाही' असंच येईल ना?" मॅनेजर मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, मला वाईट वाटू नये म्हणून. सिंहगडाच्या बाजूला ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, तिथे आम्ही दोघी बहिणी चौकशीला गेलो होतो. त्याने आम्हाला एकेक फॉर्म दिला. नाव, जन्मतारीख आणि तिसऱ्या ओळीत प्रश्न, प्रवेश घेणारी व्यक्ती हिंडती-फिरती आहे का, होय किंवा नाही, योग्य तिथे खूण करा. ताईने न थांबता 'होय'वर खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेली. माझं पेन मात्र तिथेच थांबलं. पाचच मिनिटांपूर्वी मी माझी मी रिक्षातून उतरले होते, रेलिंग धरून तीन पायऱ्या चढले होते, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरच्या दोन्ही कड्या वर ओढून गुडघा वाकवून खुर्चीत बसले होते, आणि हे सगळं त्या मुलाने समोर उभं राहून बघितलं होतं. तरी त्याला माझं उत्तर 'नाही' दिसत होतं. मी काही खूण केली नाही. फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. नंतर अजून एक गोष्ट झाली, ती सांगेन पुढे, पण तो फॉर्म महिनाभर पर्समध्येच होता आणि औषधाच्या दुकानात पैसे काढताना दर वेळी हाताला लागायचा.

आम्ही हे बघायला का लागलो, तर सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे म्हणून. कोथरूडमधली आमची तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, मी पहिल्या मजल्यावर, 22 पायऱ्या. नवीन बिल्डिंगला लिफ्ट येणार, पार्किंग येणार, सगळं येणार, पण तोपर्यंत तीन वर्षं भाड्याने कुठेतरी राहायचं. बिल्डर भाडं देतोय, भाड्याचा प्रश्नच नाही. पण माझ्या मापाचं बाथरूम भाड्याने कुठे मिळतं? या घरातलं बाथरूम मी वीस वर्षांत हळूहळू माझं करून घेतलंय, नळ कुठल्या उंचीवर, दांडी कुठे, साबण कुठे. ताईचे मिस्टर गेल्यापासून ती माझ्याकडे राहते, भाचा टोरांटोला असतो, त्याचं म्हणणं मावशी तुम्ही दोघी एखाद्या चांगल्या सीनियर लिव्हिंगमध्येच का नाही जात कायमच्या, मला पण निश्चिंत वाटेल. बोलला ते खरं आहे. मी 63 ची, ताई 69 ची. आज ना उद्या हा विचार करायचाच होता.

हिंडती-फिरती. आमच्या घरात हा शब्द आजीच्या बाबतीत वापरायचे, नव्वदीला आली तरी हिंडती-फिरती होती हो, असं कौतुकाने. माझ्या बाबतीत तो कधी कोणी वापरलेला मला आठवत नाही. मी दोन वर्षांची असताना ताप आला, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सकाळी उजवा पाय उचलेना. माझ्या वयाच्या कुठल्याही पोलिओच्या माणसाला विचारा, गोष्ट अशीच सुरू होते, ताप, इंजेक्शन, सकाळ. ते 1964 साल. सरकारचा लसीकरणाचा कार्यक्रमच 1978 ला सुरू झाला, त्यामुळे आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही, तरी आई शेवटपर्यंत त्या एका इंजेक्शनपाशी जाऊन थांबायची. साताऱ्याला आमचा वाडा होता, प्रत्येक खोलीला वीतभर उंचीचा उंबरा. मी बसून सरकत उंबरे ओलांडायचे, फ्रॉकला मागच्या बाजूला कायम शेणाचा वास. शाळेत ताई कडेवर घेऊन जायची. ती स्वतः दहा-अकरा वर्षांची, एका कडेवर मी आणि दुसऱ्या खांद्याला दोघींची दप्तरं. मग वडिलांनी मला मुंबईला हाजीअलीच्या अपंग पुनर्वसन संस्थेत नेलं. एसटीने मुंबई सेंट्रलच्या डेपोत उतरायचं आणि तिथून टॅक्सी, मला त्या टॅक्सीचंच जास्त आकर्षण. तिथे पायाचं माप घेऊन मला पहिलं कॅलिपर मिळालं. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट. नव्या चामड्याचा आणि तेलाचा तो वास आणि उभं राहिल्यावर गुडघ्यापाशी कड्या खाली पडल्याचा तो आवाज, टक्. तो आवाज झाला की पाय माझा. त्या दिवशी हाजीअलीच्या फुटपाथवर समुद्राच्या वाऱ्यात मी वडिलांचं बोट धरून बहुतेक वीस पावलं चालले आणि वडील तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले.

तेव्हापासून मी हिंडतेच आहे. अपंगांसाठी 3 टक्के आरक्षण 1977 ला आलं, त्यातून 1984 ला मला बँकेत नोकरी लागली, 38 वर्षं केली. कॅश काउंटर, क्लिअरिंग, शेवटी लोन सेक्शन. मार्चएंडला रात्री दहा-दहा वाजेपर्यंत थांबायचो. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हाही आम्ही लेजर उघडून बसलो होतो, कोणीतरी मोबाईलवर बातमी वाचून दाखवली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. आनंद तर होताच, देशात मूळ पोलिओ विषाणूची शेवटची केस 2011 ची, एक लहान मुलगी, तिच्यानंतर तशी केस नाही, खरंच नाही. पण आपण एका अशा रांगेत उभ्या आहोत जिच्या मागे आता कोणीच येऊन उभं राहणार नाही, असंही वाटलं. त्याच वर्षात माझा चांगला पाय थकायला लागला. डावा, ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं तो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, लहानपणी ज्या नसा मेल्या त्यांची कामं शेजारच्या वाचलेल्या नसांनी अंगावर घेतली, फांद्या फोडून जास्तीचे स्नायू सांभाळले, पन्नास वर्षं दुप्पट काम केलं आणि आता त्या दमल्यात. पोस्ट पोलिओ सिंड्रोम. मी घरी येऊन डाव्या पायाला तेल लावत किती वेळ बसले होते. चार वर्षांपासून लांबच्या अंतराला व्हीलचेअर घेते, घरात कॅलिपर आणि एक कुबडी.

तर अशी मी, पर्समध्ये मेजरिंग टेप घेऊन चार महिन्यांत पाच ठिकाणं बघितली.

सगळीकडे दाखवणारा माणूस आधी बाग दाखवतो. मग वॉकिंग ट्रॅक, मंदिर, योगा हॉल, कॅरम, लायब्ररी. मी म्हणते आधी बाथरूम दाखवा, तर म्हणतात अँटीस्किड टाईल्स आहेत मॅडम, काळजी नको. टाईल्सपर्यंत पोचायला दरवाजातून आत जावं लागतं. माझी व्हीलचेअर 25 इंचांची, पाचपैकी तीन ठिकाणी बाथरूमचं दार 24 इंचांचं निघालं. एका इंचासाठी माणूस बाहेर. दार 36 इंच हवं हे सरकारी नियमातच लिहिलंय आणि आत खुर्ची वळवायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं हवं, तेवढी जागा ते कपाटांना देतात. बाथरूमच्या तोंडाशी पाणी अडवायला ग्रॅनाइटचा दोन इंची उंबरा, तो तर सगळीकडेच. एका ठिकाणी कमोडशेजारी छान चकचकीत स्टीलची दांडी होती, मला बरं वाटलं, मी सवयीने तिच्यावर भार टाकला आणि ती भिंतीत हलली. टॉवेलची दांडी होती ती. एका ठिकाणी लिफ्ट होती पण ती दोन मजल्यांच्या मधल्या लँडिंगला थांबत होती, तिथून वर किंवा खाली दहा पायऱ्या. आणि रॅम्प. एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, हे गणित मला पाठ आहे. तिथे जोतं दीड फुटाचं, म्हणजे 18 फूट रॅम्प पाहिजे, त्यांनी सहा फुटांत बसवला होता. वर भाजीच्या क्रेट्सची ट्रॉली उभी होती. ट्रॉली ढकलणाऱ्या मुलाने खाली उतरताना ती अंगाने अडवून धरली तेव्हा त्याच्या दंडाच्या शिरा मला दिसत होत्या. अपंगांसाठी 1995 चा कायदा झाला, 2016 चा झाला, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सगळीकडे जाता-येता यावं यासाठीचे नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. हे सगळं मी वाचते, कात्रणं ठेवते. पण टेप लावली की 24 म्हणजे 24.

आणि ही घरं कोणासाठी आहेत, याचा मला राहूनराहून राग येतो. म्हाताऱ्या माणसांसाठीच ना? साठीला जो ताठ चालत आत येईल त्याचं पंच्याहत्तरीला काय होणार आहे, हे बांधणाऱ्याला दिसत नाही का? एका ठिकाणच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं, ज्या दिवशी स्वतःचं स्वतः करता येणार नाही त्या दिवशी संस्था खोली रिकामी करायला सांगू शकते. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस तिथे येतो नेमक्या त्याच दिवशी बाहेर. मला तर असं वाटतं की सगळी म्हातारी माणसं हळूहळू माझ्याच गावात राहायला येतात. मी या गावात दोन वर्षांची असल्यापासून राहतेय, मला इथले खड्डे माहितीयेत, कुठे धरायचं, कसं पडायचं, पडल्यावर कोणाला हाक मारायची आणि कोणाला नाही. ताई आत्ताआत्ता आलीय. तिचा उजवा गुडघा गेलाय, गेल्या दिवाळीत काठी आणली आणि ती उजव्याच हातात धरून चालायला लागली. मी म्हटलं ताई, काठी डाव्या हातात. ती म्हणे अगं दुखतोय उजवा. म्हटलं म्हणूनच, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी आणि तो पाय पुढे टाकताना काठीही पुढे, बघ. हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या तिने. मग सोफ्यावर बसून म्हणाली, "तुला किती वर्षं कडेवर घेतलं, तू कशी चालतेस ते बघितलंच नाही गं कधी."

आता ती राहिलेली गोष्ट.

फॉर्म घडी केल्यावर तो मुलगा म्हणाला, एकत्र खोली द्यायला अडचण आहे मॅडम, ताईंना मेन बिल्डिंगमध्ये मिळेल, तुमच्यासाठी मागे नर्सिंग विंग आहे, बघून घ्या, चांगली आहे. आम्ही गेलो. स्वच्छ होती, खोटं कशाला बोलू. डेटॉल आणि टाल्कम पावडरचा मिसळलेला वास, सहा खाटा, कोपऱ्यात टीव्हीवर कुठलीतरी सिरीयल मोठ्या आवाजात. दोन-तीन जण झोपलेले. दाराजवळच्या खाटेवर एक आजी होत्या, चेहरा अगदी बारीक, केस कोणीतरी छान विंचरून दोन वेण्या घातलेल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. खिडकी त्यांच्या डोक्यामागे. समोर भिंत आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "बाहेर पाऊस आहे का हो?" ताई म्हणाली नाही हो आजी, ऊन आहे. त्या म्हणाल्या, "असं होय." आणि परत भिंतीकडे बघायला लागल्या. मी बाहेर आले ती जवळजवळ पळतच, म्हणजे माझ्या पायांना जेवढं पळता येतं तेवढं, आणि पॅसेजमध्ये त्या मुलाला मोठ्याने म्हणाले, "अहो, मी त्या खोलीतल्या लोकांसारखी नाहीये. मी नोकरी केलीय."

दार उघडंच होतं. त्यांनी ऐकलं असणार.

महिनाभर मला जे टोचत होतं ते 'नाही' नव्हतं, हे माझं वाक्य होतं. त्या मुलाने काय केलं, एक रेघ ओढली, हिंडते-फिरते इकडे आणि बाकीचे तिकडे. आणि मी काय केलं, तर ती रेघ पुसायच्या ऐवजी त्याच्या हाताला धरून म्हटलं, अरे जरा पलीकडे सरकव, मला इकडे घे. आयुष्यभर लोकांनी मला जसं बाजूला ठेवलं, शाळेच्या सहलीला, लग्नाच्या बोलण्यांत, बँकेतही सुरुवातीला ज्या साहेबांनी मला काउंटरला बसवू नका, कस्टमरला बरं दिसत नाही म्हणून सांगितलं, तसंच मी त्या दोन वेण्यांच्या आजींना बाजूला ठेवलं. भीती होती, दुसरं काही नाही. डावा पाय थकतोय, खांदे दुखतात, आज ना उद्या ती खाट माझी आहे हे मला त्या दारातच कळलं होतं. पण भीती वाटली म्हणून असं बोलायचं असतं का? ताई घरी येताना रिक्षात काहीच बोलली नाही. मी पण नाही.

मी स्वतः खाटेवर पडून होते की. नऊ वर्षांची असताना गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आखडलेला पाय सरळ करायला, कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. पाच महिने. साताऱ्याच्या वाड्यात माजघरात खाट टाकली होती, तिथे दिवसासुद्धा अंधार, समोर फडताळ आणि पिठाचे डबे. पंधरा-वीस दिवसांनी मी बोलायचं बंद केलं, जेवण पण नको म्हणायला लागले. आईला वाटलं दुखतंय. वडिलांनी एका रविवारी शेजारच्या दोघांना बोलावलं आणि खाट उचलून ओसरीवर नेली आणि अशी ठेवली की माझं तोंड रस्त्याकडे. बास. मग मला दूधवाला दिसायला लागला, समोरच्या घरातलं मांजर, शाळेतून येणारी पोरं, ताई वळणावर दिसली की तिथूनच हात हलवायची. कंदी पेढ्यांची टोपली सायकलला बांधून एक गृहस्थ रोज त्याच वेळेला जायचे, ते गेले की मी आईला ओरडून सांगायचे, चार वाजले गं. प्लास्टरच्या आत खाज तेवढीच सुटत होती, पाय तेवढाच जड होता. पण घरातलं घड्याळ मी झाले होते. हे मी विसरले कशी?

गेल्या आठवड्यात त्या मॅनेजरला फोन केला. म्हटलं दाराजवळच्या खाटेवरच्या आजींची खाट फिरवता येईल का, तोंड खिडकीकडे येईल अशी. तो म्हणाला ऑक्सिजनचा पॉइंट त्या भिंतीला आहे मॅडम. म्हटलं त्यांना ऑक्सिजन लागतो का? जरा थांबून म्हणाला नाही, आत्ता तरी नाही. बघतो म्हणाला. आवाजावरून खरंच बघेल असं वाटलं, तो मुलगा वाईट नव्हताच. मी परत पुढच्या सोमवारी फोन करणार आहे.

आणि काल तळेगावच्या पुढे एक सहावं ठिकाण बघून आलो. छोटं आहे, वीस-बावीस खोल्या, सगळं तळमजल्यावर. मी टेप काढली. बाथरूमचं दार 34 इंच, उंबरा नाही, जमिनीलाच थोडा उतार देऊन पाणी जाळीकडे वळवलंय. दांडीवर पूर्ण भार टाकला, हलली नाही. कमोड जरा बुटका आहे, पण वर बसवायची उंच सीट मिळते. रॅम्पवर मी स्वतः खुर्ची चालवत गेले, मध्ये एकदाच थांबले. महिन्याचे पैसे माझ्या पेन्शनमध्ये बसत नाहीत, भाड्याचे येतील ते घालावे लागतील, आणि रात्री नर्स एकच असते सगळ्यांना मिळून, ते मला पटलेलं नाही, लेखी विचारणार आहे. त्या बाईंना, म्हणजे तिथलं बघतात त्यांना, मी विचारलं की अंथरुणाला खिळल्यावर काय? त्या म्हणाल्या खोली तीच, माणसं तीच, फक्त आमची एक बाई जास्त लागते, तिचे पैसे वेगळे. मी म्हटलं मला जरा या खाटेवर आडवं होऊन बघायचंय. त्यांना आश्चर्य वाटलं असेल पण हो म्हणाल्या. कड्या वर केल्या, बसले, पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतला आणि उशीवर डोकं टेकून सरळ झोपले. ताई दारात काठी धरून उभी होती, डाव्या हातात.

"काय दिसतंय गं?"

शेवग्याचं झाड होतं, अर्ध्यावर छाटलेलं, त्याला नवीन फुटवे आलेले. त्याच्यामागे दोरीवर चादरी वाळत होत्या आणि एक बाई खाली बसून सुपात काहीतरी निवडत होती, मधेच एखादा खडा बाजूला टाकत होती. लांबून गाडीचा आवाज आला, लोकल असावी. मी ताईला एकेक सांगत गेले. मग ती आली, काठी भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या खाटेवर हळूच आडवी झाली. म्हणाली, "मला चादरी नाही दिसत इथून, फक्त झाड दिसतंय. तू सांगत जा मला."